आठ आठवड्यांचा पाव

टेपबाईंना एक खरं नाव होतं, पण ते मतदार यादीत तेवढं उरलं होतं. सकाळी गळ्यात टेप पडली की ती थेट झोपतानाच उतरायची; जेवताना तिचं टोक ताटात जाऊ नये म्हणून त्या ते पाठीवर टाकून घ्यायच्या. तीन शाळांचे गणवेश त्या एकट्या शिवत. शाळा उघडायच्या आधीच्या दीड महिन्यात चारेकशे पोरं दुकानात येऊन हात पसरून उभी राहायची आणि टेपबाई दातांत टाचण्या धरून मापं घेत सुटायच्या. प्रत्येक पोराचं वहीत एक पान. दरवर्षी त्याच पानावर नवी ओळ: उंची, छाती, कंबर, बाही. त्यामुळे कोण किती वाढलं हे आईबापांच्या आधी टेपबाईंना कळायचं, आणि कळलं की त्या गप्प बसायच्या नाहीत. एकीला म्हणायच्या, याचे बूट बघा आधी, बोटं दुमडून चालतोय. दुसरीला म्हणायच्या, ही वर्षभरात तसूभर हलली नाही, खायला काय घालता? लोक वैतागायचे. पण हात असा की पुढच्या वर्षी निमूट परत यायचे.

वहीत एकाच पोरीचं पान नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या. घरच्या पोरीचं माप कोण घेतं? थोरलीला समोर उभं करायचं, कापड अंगावर टाकायचं, चार टाचण्या मारायच्या आणि मशीनवर बसायचं. काखेखाली सैल वाटलं, घेतली चिमूटभर आत. पोट पुढे दिसतंय, टाकल्या कमरेला चुण्या. दंड काटकुळे दिसतात, लावली फुग्याची बाही. वर्गात थोरलीइतका नेटका गणवेश कुणाचा नव्हता. कुणी पाहुणे आले की शाळेच्या बाई तिलाच पुढे करायच्या. घोटाळा झाला तो इथेच. दुसऱ्या कुठल्या घरात ही पोर असती तर तिच्या अंगावर कपडे लोंबले असते आणि चार माणसांनी विचारलं असतं, हिला खायला देता की नाही? टेपबाईंच्या हाताने सगळं झाकून टाकलं. शेजाऱ्यांपासून झाकलं, शाळेपासून झाकलं आणि त्यांच्या स्वतःपासूनही झाकलं.

तक्रारी नव्हत्या असं नाही. दुकानाच्या मागून जिना वर दोन खोल्यांत जायचा आणि थोरली त्या अकरा पायऱ्यांत मध्ये एकदा बसायची. तोंड सारखं आलेलं असायचं. पोट बिघडणं तर इतकं रोजचं झालं होतं की ती बातमीसुद्धा राहिली नव्हती. प्रत्येकाकडे त्याचं उत्तर मात्र तयार होतं. खेळाचे मास्तर म्हणायचे, मुलगी आळशी आहे, धावायची वेळ आली की हिचं पोट दुखतं. नवरा बस डेपोत इंजिनांची दुरुस्ती करायचा, तो म्हणायचा, आमच्याकडची सगळी ठेंगणीच. सासूबाई म्हणायच्या, नखरे आहेत नुसते. धाकटा सहा वर्षांचा, थोरलीपेक्षा तीन वर्षांनी लहान. तो काही म्हणायचा नाही. ताईच्या ताटात उरलेलंही संपवायचा आणि गलेलठ्ठ होत चालला होता.

एका दुपारी पहिलीतल्या एका मुलीचा फ्रॉक तयार होता आणि तिची आई काही तिला आणत नव्हती. बटणं कुठे बसवायची ते अंगावर बघितल्याशिवाय टेपबाईंना चैन पडत नसे. थोरली दुकानात वाचत बसली होती. "जरा घाल गं हा, खांदा बघते," म्हणून त्यांनी तिच्या डोक्यातून फ्रॉक घातला. खांदा बरोबर बसला. कंबर बरोबर बसली. बाही अर्धा इंच लांबच झाली. सहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक, आणि समोर उभी होती नऊ वर्षांची.

टेपबाईंनी तो काढून बाजूला ठेवला. त्यांनी पेटीतून थोरलीचे जुने गणवेश काढले. पोरांच्या कपड्याला त्या खाली चार बोटं दुमड ठेवत, म्हणजे मूल वाढलं की तेवढं उसवून लांबी काढता येते. दोन वर्षांपूर्वीच्या फ्रॉकची दुमड तशीच होती. पहिला टाका जसाच्या तसा, त्याला कात्री लागलीच नव्हती. चारशे पोरांची वाढ तोंडपाठ असलेल्या बाईला आपली पोर दोन वर्षं जागच्या जागी उभी आहे हे दिसलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी वहीत थोरलीचं पान उघडलं आणि पहिली ओळ लिहिली. त्यांना स्वतःची इतकी चीड आली होती की पेन्सिलीचं टोक मोडलं.

मुलांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते. भला माणूस, पण बाहेर बाकावर कायम तीस पोरं रडत असायची आणि आत प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं यायची. त्यांनी थोरलीचे डोळे बघितले, पोट दाबलं, जंताचं औषध दिलं, लोहाचं सरबत दिलं आणि काही मुलांची अंगकाठीच तशी असते म्हणाले. महिन्याने टेपबाई परत गेल्या. आणखी महिन्याने परत. तिसऱ्या खेपेला डॉक्टर हसून म्हणाले, तुम्ही फार विचार करता. टेपबाईंना हे बोलणं झोंबलं. विचार त्यांनी उशिरा सुरू केला होता, फार केला नव्हता.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. झगा कुठेतरी ओढतोय आणि कुठे ते कळत नाही, तेव्हा सगळा उसवत नाहीत. एक शिवण उसवायची, घालून बघायचं. ती नसेल तर परत शिवायची आणि दुसरी उसवायची. थोरलीच्या पानामागे त्यांनी रोजचं खाणं आणि रोजचं पोट लिहायला घेतलं. दोन आठवडे दूध बंद केलं. फरक नाही. दूध चालू, अंडं बंद. फरक नाही. थोरली वैतागली, पुढच्या आठवड्यात काय बंद करणार, पाणी का, असं विचारायला लागली.

गव्हाचा संशय त्यांना स्वतःहून कधीच आला नसता, कारण त्या घरात पाव म्हणजे सासूबाई. कोपऱ्यावरच्या बेकरीत त्या तीस वर्षं पीठ मळत होत्या. त्यांचा नवरा लवकर गेला, पदरात दोन पोरं; त्या पिठावरच त्यांनी दोघांना वाढवलं. संध्याकाळी त्या घरी यायच्या तेव्हा केसांत पीठ, भुवयांवर पीठ आणि कापडात गुंडाळलेले दोन गरम पाव. नातवंडांना आपल्या हाताने तुकडा मोडून दिल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे. त्या वर्षी नणंदेचं बाळंतपण आलं आणि सासूबाई तीन आठवडे लेकीकडे गेल्या. घरात पोळ्या कधी होतच नसत, आणि पाव आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. भात, बटाटे, डाळ, अंडी यावर घर चाललं. तिसऱ्या आठवड्यात टेपबाई थोरलीची वेणी घालत होत्या आणि पोर धड पायावर उभी राहीना, उड्या मारत होती. त्यांनी वेणी अर्धी सोडली आणि पान उघडलं. अकरा दिवस पोटापुढे काही लिहिलेलंच नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

सासूबाई परतल्या, पाव परतला, आणि दहा दिवसांत पोटही परतलं. टेपबाईंनी जेवतानाच सांगून टाकलं की उद्यापासून थोरलीच्या ताटात पाव नाही, बिस्कीट नाही, गव्हाचं काहीच नाही. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"तीस वर्षं अख्खी गल्ली माझ्या हातचा पाव खातेय," त्या म्हणाल्या. "कुणाचं पोट फुगलं नाही. माझ्याच नातीचं फुगतं होय?"

"तुमच्या हाताला कोण काय म्हणतंय, आई? मी गव्हाला म्हणतेय."

"गहू आणि मी काय वेगळे आहोत का?"

त्यानंतर नऊ दिवस सासूबाई सुनेशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते धाकट्यामार्फत. तुझ्या आईला सांग, मीठ संपलंय. तुझ्या आजीला सांग, डब्यात आहे. धाकटा दोघींच्या मध्ये बसून जेवत असे आणि निरोप पोचवायच्या आधी प्रत्येक वेळी एक घास खाऊन घेई. नवरा दोघींनाही हो म्हणायचा आणि लवकर डेपोला निघायचा. टेपबाई हटल्या नाहीत. दुकानात येणाऱ्या बायकांनी शहाणपण शिकवलं, त्यांचीही मापं त्यांनी मुकाट्याने घेतली आणि बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

तीन महिन्यांनी थोरलीच्या पानावर नवी ओळ लिहिली गेली. उंची: पाऊण इंच जास्त. दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते तीन महिन्यांत झालं. तोंड येणं थांबलं. जिना ती पळत चढायला लागली, म्हणजे आता खाली मशीनवर बसलेल्या माणसाला डोक्यावर धाडधाड ऐकू यायचं. सासूबाई नातीकडे बघत बसायच्या.

टेपबाई वही काखेत मारून डॉक्टरांकडे गेल्या. या खेपेला डॉक्टरांनी नीट ऐकलं. गव्हात ग्लूटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो, काही मुलांना तो सोसत नाही, त्यांच्या आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. अस्तर झिजतं म्हटल्यावर टेपबाईंना पुढचं समजावून सांगायची गरज उरली नाही. रक्त तपासू, कळेल, असं म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. चार दिवसांनी निकाल आला. काहीही सापडलं नव्हतं. डॉक्टर खुशीत होते: गव्हाशी हिचं काही वैर नाही, आता मनसोक्त खाऊ द्या.

घरी टेपबाईंनी निकाल सांगितला तेव्हा सासूबाई टाकून बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पाव टेबलाच्या मधोमध ठेवला. थोरलीने आईकडे बघितलं. टेपबाईंनी पावावर हात ठेवला आणि म्हणाल्या, उद्यापर्यंत थांब. पण त्या दिवशी त्यांचा धीर सुटला होता. वहीतल्या ओळी आपल्याच मनाने लिहिल्या की काय? पोर तशीच वाढायची होती, वाढली, आणि आपण उगाच घर फाडलं की काय? त्यांना पहिल्यांदाच आपल्या डोळ्यांचा भरवसा वाटेना, आणि त्यांच्यासारख्या बाईला याहून वाईट काही होऊ शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या निकालाचा मूळ कागद आणायला तपासणीच्या जागी गेल्या. तिथे रक्त काढणारी बाई ओळखीची होती, तिच्या दोन्ही मुलांचे गणवेश टेपबाईच शिवायच्या. कागद देता देता तिने सहज विचारलं की मुलगी आता काय खाते. टेपबाई म्हणाल्या, तीन महिने झाले गव्हाचा कण नाही. त्या बाईने कागद परत आपल्याकडे ओढला.

"मग यात काय दिसणार? गहू पोटात जात असतो तेव्हाच त्याची खूण रक्तात सापडते. महिनोन्‌महिने बंद केला की खूण पुसत जाते. तुम्हाला हे विचारलं नाही कुणी?"

"विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं. गहू बंद केला आणि बरी झाली, असं सांगितलं."

"मग ऐकलं नाही कुणी," ती बाई म्हणाली.

म्हणजे झगा उतरवून घडी करून ठेवला होता आणि सगळे मिळून तो कुठे ओढतोय ते शोधत होते. टेपबाई तिथून तडक डॉक्टरांकडे गेल्या, बाकावरच्या तीस पोरांना ओलांडून. डॉक्टरांनी चष्मा काढला. चूक माझी, असं त्यांनी सरळ कबूल केलं. वाटा दोन होत्या. एक, काहीही न तपासता जन्मभर गहू बंद ठेवायचा. दुसरी, रोज दोन वेळा पावाचा एकेक तुकडा, असे आठ आठवडे, आणि मग पुन्हा रक्त. गहूच कारण असेल तर या आठ आठवड्यांत पोरीला त्रास होणार, हे त्यांनी लपवलं नाही. फार झालं तर मला लगेच दाखवा, मध्येच थांबवू, असंही म्हणाले.

टेपबाईंनी घरी हे सांगितलं आणि एक नवलच झालं. नवरा, जो कधी कुठल्या बाजूला नसायचा, तो म्हणाला, नको. पोरगी हसतेय, खेळतेय, कशाला उकरायचं? आणि सासूबाई सगळ्यांहून पुढे.

"मी आणणार नाही पाव," त्या म्हणाल्या. "मी काय आंधळी आहे? मला दिसतंय ती बरी झालेली. तुझं खरं होतं, बाई, झालं समाधान? तुला पोरगी हवीय की कागद?"

एवढं भांडण करून शेवटी सासूबाईंनी हार मानली होती, आणि टेपबाईंना ती स्वीकारता येत नव्हती. त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली, म्हणजे बोलणं मोठं होणार हे घरातल्यांनी ओळखलं.

"आज तिच्या ताटाजवळ मी बसलेय," त्या म्हणाल्या. "उद्या ती सहलीला जाईल, शिकायला परगावी जाईल, कुणाच्या तरी घरी नांदायला जाईल. तिथे कुणीतरी म्हणेल, एवढ्याशाने काय होतंय, तुझ्या आईचं खूळ ते. तेव्हा तिच्या हातात माझ्या शब्दापलीकडे काहीतरी पाहिजे. माझा शब्द किती चालतो ते बघितलंय मी. आणि गहू नसेल, तर जे काही आहे ते अजून तिच्या पोटात बसलंय आणि आपण पावाला शिव्या घालतोय."

मग त्यांनी थोरलीला बोलावलं आणि तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं. पोट दुखेल, तोंड येईल, कदाचित जिन्यात परत बसावं लागेल. नको म्हणालीस तर नको. थोरलीने बोटांवर आठ आठवडे मोजले.

"मग खेळाच्या मास्तरांना तो कागद दाखवता येईल?"

"येईल."

"ते मला सगळ्यांसमोर नाटकी म्हणतात," ती म्हणाली. "मी खाते."

सासूबाईंनी शब्द पाळला. पाव आणला नाही. म्हणून टेपबाई रोज सकाळी बेकरीच्या रांगेत उभ्या राहायला लागल्या. काउंटरमागे सासूबाई. सून समोर आली की त्या कापडावरचा सगळ्यात लहान पाव उचलून ठेवायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. टेपबाई तो परत ठेवून नेहमीच्या मापाचा घ्यायच्या. मागे उभ्या असलेल्या बायकांना वाटायचं, सासूसुनेचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं नव्हतं. दोघींनाही पोरीच्या त्रासाची एकच भीती वाटत होती, फक्त एक तो कमी करू बघत होती आणि दुसरी तो एकदाच संपवू.

पहिले दोन आठवडे काही झालं नाही, तेव्हा टेपबाईंना पोर बरी आहे याचा आनंद मानावा की नाही तेच कळेना. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. चौथ्यात पोट बिघडलं ते रोजचंच झालं. पाचव्यात थोरली जिन्यात सातव्या पायरीवर बसली, आणि नवऱ्याने त्या दिवसापासून घरात जेवणं सोडलं. तो डबा घेऊन डेपोत जेवायला लागला. टेपबाईंनी सगळं लिहून ठेवलं, एकही ओळ चुकवली नाही. सहाव्या आठवड्यात त्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी वजन केलं, पोट बघितलं आणि अजून चालू ठेवता येईल, पण दर तीन दिवसांनी आणून दाखवा, असं सांगितलं. घरी आल्यावर टेपबाईंनी तुकडा कापून ताटात ठेवला. थोरली हातात घेऊन बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी ताट उचललं. "बास," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर नाही."

थोरलीने ताटाची दुसरी बाजू धरली. नऊ वर्षांची पोर, मनगटं कांडीएवढी, पण तिने सोडलं नाही.

"आजी, दोनच आठवडे राहिलेत. आता थांबले तर परत पहिल्यापासून खावं लागेल. मी परत खाणार नाही. म्हणून आत्ता खाते."

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. थोरलीने तुकडा बारीक बारीक करून संपवला, मध्ये दोनदा पाणी प्यायली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत शेजारी बसून राहिल्या, आणि तो हात पिठाचा आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी तो मागे घेतला. टेपबाई खाली दुकानात गेल्या. मशीनवर बसल्या आणि पाय मारत राहिल्या, खाली कापड नव्हतं तरी. वर आवाज जाऊ नये म्हणून त्यांना तेवढंच सुचलं. ज्या बाईने अख्ख्या गल्लीशी वाद घातला होता ती त्या दिवशी स्वतःला शिव्या देत रडली, आणि रडून झाल्यावर उरलेल्या कॉलर लावून टाकल्या.

आठ आठवडे पुरे झाले त्याच सकाळी रक्त दिलं. ओळखीच्या बाईने सुई टोचताना थोरलीला विचारलं, दुखतंय का? थोरली म्हणाली, हे कसलं दुखणं. त्याच दिवसापासून पाव बंद झाला. सासूबाई बेकरीतून आल्या की आता खालीच, दुकानाच्या पडद्यामागे, कपडे बदलून आणि केस झटकून वर यायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी स्वतः फोन केला. दोघी मायलेकी त्यांच्यासमोर बसल्या. रक्तातल्या खुणेचा आकडा इतका वर होता की यंत्र जेवढं मोजू शकतं त्याच्याही पुढे गेला होता. खात्रीसाठी दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तानेही तेच सांगितलं होतं. गहू, जव, रवा, मैदा, त्यांचं जे जे काही असेल ते जन्मभर वर्ज्य. हे दुखणं घरात चालत येतं, असंही डॉक्टर म्हणाले. अस्तर हळूहळू भरून येईल. पोरगी वाढेल. टेपबाईंनी शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. डॉक्टरांनी पुन्हा म्हटलं.

मग त्यांनी निकालाचा कागद लावायला थोरलीची जाडजूड फाइल उघडली. टेबलावर पडलेलं काहीही वाचायची थोरलीला सवय होती. मान वाकडी करून तिने पहिलं पान वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने.

"मुलगी निरोगी. आई विनाकारण घाबरलेली." तिने वर बघितलं. "आई, विनाकारण म्हणजे उगाचच ना?"

"हो," टेपबाई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या कानापर्यंत लाली चढली. हे मी पहिल्या भेटीत लिहिलं होतं, ते म्हणाले, आणि खोडायला त्यांनी पेन उचललं. टेपबाईंनी त्या ओळीवर पंजा ठेवला.

"खोडायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण बाहेरच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली. "आजचा कागद याच पानाला लावा. हे आणि ते शेजारी शेजारी दिसू दे. पुन्हा कुणी आई अशीच पोर घेऊन आली, की आधी हे पान काढून वाचायचं आणि मग पेन हातात घ्यायचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, कागद त्या पानाला जोडला आणि दोन पिना मारल्या. टेपबाईंनी कागद ओढून बघितला. निघत नव्हता. थोरली उठून उभी राहिली, पण टेपबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"हे घरात चालत येतं म्हणालात ना तुम्ही? मग आता धाकट्याच्या रक्ताची चिठ्ठी लिहा."

"तो तर चांगला धष्टपुष्ट आहे," डॉक्टर म्हणाले, आणि बोलता बोलताच थांबले.

"लिहा," टेपबाई म्हणाल्या. "त्याचा पाव मी अजून बंद केलेला नाही."